शनिवारचा ख्याल, रविवारची बारी

शनिवारी संध्याकाळी दादरला ख्यालाची मैफल आणि रविवारी रात्री लालबागला दोन बुवांच्या भजनाची डबलबारी असा योग जुळला, की सोमवारी ऑफिसात डोळे मिटायला लागतात. कान मात्र टक्क जागे असतात.

मैफलीत तानपुरा लावणारा घोडीवरचा दोरा तारेखाली केसभर सरकवतो आणि जवारी खुलते. बारीत पखवाजवाला डाव्या पुडीवर ओली कणीक थापतो, अंगठ्याने दाबून पाहतो, थोडी खरवडतो, पुन्हा थाप मारतो. ही खटपट मला गाण्याइतकीच आवडते. पुढे मात्र वाटा वेगळ्या. विलंबित एकतालाच्या बारा मात्रांना कधी कधी मिनिटभर लागतं. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा बघता बघता पार. तिथे समेची वाट पाहायची, इथे सम अंगावर येते.

खरी गंमत श्रोत्यांची. ख्यालाला आलेली मंडळी देवळात बसल्यासारखी. प्लास्टिकची पिशवी कुरकुरली तरी चार माना वळतात. आणि जिथे खरोखरच देवाचं नाव चाललंय, तिथे दोन बुवा एकमेकांची उणीदुणी काढतात, गजराला सिनेमाची चाल लावतात, समोरच्याला कोडं घालतात, नि पब्लिक शिट्ट्या मारतं. विठोबाला यातलं काय रुचतं, ते पुंडलिकालाच विचारावं.

दोन्ही गाणी मुंबईत वाढली. ऑपेरा हाऊसजवळ प्रा. बी. आर. देवधरांनी १९२५ साली काढलेल्या विद्यालयात कुमार गंधर्व शिकले. लालबाग-परळच्या चाळींत कोकणातल्या गावकऱ्यांनी गिरणीच्या पाळ्या सांभाळून भजनी मंडळं उभी केली. १९८२च्या संपानंतर गिरण्या एकेक करून गेल्या, मंडळं राहिली. परळचं १९२२चं दामोदर नाट्यगृह, नमन आणि शक्ती-तुरा या कोकणातल्या लोककलांचं हक्काचं ठिकाण, २०२३मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं, तेव्हा कोकणी कलावंत चिडले ते उगीच नाही.

दोन्ही कार्यक्रम एकाच रात्री आले तर मी बारीला जाईन. आजचा यमन गवई उद्या पुण्यातही गाईल. निराळा, पण यमनच. बुवांचा टोमणा मात्र समोरच्या बुवांनी नुकत्याच म्हटलेल्या ओळीवर बेतलेला. दुसऱ्या दिवशी तो मोबाइलवर पाहिला, तर लोक एवढे कशाला हसतायत तेच कळत नाही.