जुना रंग

मळ्यातल्या ऑईल इंजिनाला नवा रंग द्यायचा तर कारागीर आधी जुना काढतो. तेलकट पोपड्यावर हात मारला, तर नवा रंग पोपड्यासकट गळून येतो. गळ्यात माळ आली, पण आतला पोपडा तसाच, असे आपले झाले नाही ना?

बिडाचा भाग कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवतात. ॲल्युमिनियमचा घातला, तर सोडा धातूच खातो. साधनही अधिकार पाहूनच द्यावे. त्यासाठी गुरू हवा.

आणि उघडे लोखंड दमट हवेत रात्रभर राहिले की गंजलेच! धुऊन, वाळवून लगेच अस्तर द्यावे लागते. तसे पश्चात्तापाने मन उघडे झाले, की त्याच घडीला नामाचे अस्तर द्या. उद्यावर टाकू नका. रामकृष्णहरि!