तबकडीवरचा आकडा

जुन्या घडीच्या कॅमेऱ्याचे शटर बिघडते ते बहुधा काही तुटल्यामुळे नव्हे. असा कॅमेरा प्रथमच उघडणाऱ्यास या गोष्टीचे नवल वाटते. स्प्रिंग शाबूत असते, दंतचक्रांचे दात झिजलेले नसतात, पोलादी पाती जागच्या जागी असतात. तरीही एका सेकंदावर लावलेले शटर उघडते आणि मिटायचे विसरून जाते. कारखान्यात लावलेले वंगण सत्तर-ऐंशी वर्षांत घट्ट झालेले असते, त्यात धूळ कालवली गेलेली असते, आणि जे गतीला साहाय्य व्हावे म्हणून घातले तेच गतीच्या आड आलेले असते.

म्युनिकच्या फ्रीडरिश डेकेल यांच्या कारखान्यातील शटरांचेच उदाहरण घेऊ. त्यांच्या आधीच्या 'कॉम्पाउंड' शटरात मंद वेग राखण्याचे काम एका चिमुकल्या नळकांड्यातील हवा करीत असे. १९१२ साली 'कॉम्पुर' आले आणि हवेची जागा घड्याळासारख्या दंतचक्रांनी घेतली. खटका दाबला की स्प्रिंगच्या ओढीने आतले कडे फिरते, पाती उघडतात. मग ते कडे एका तरफेला अडते आणि दंतचक्रांची माळ त्यास एकदम पळू देत नाही. माळेच्या टोकाशी नांगराच्या आकाराचा एक लहानसा तुकडा दातामागून दात सोडीत डोलत राहतो. मंद वेगावर जी बारीक घरघर ऐकू येते ती त्याचीच. आणि बाहेर, तबकडीवर, आकडे कोरलेले असतात : १, १/२, १/५, १/१०, १/२५, १/५०, १/१००, १/२५०.

हा कोरलेला आकडा म्हणजे एक वचन आहे. १/२५ वर काटा लावला असता सेकंदाचा पंचविसावा भागच प्रकाश आत येईल, असे तो सांगतो. शटर रेंगाळू लागले म्हणजे कॅमेरा बंद पडत नाही. तो चालतो, आवाज करतो, फिल्म पुढे सरकते. फक्त त्याचे बोलणे आणि त्याची करणी यांची फारकत होते. आमच्या भाषेने फारसीतून घेतलेल्या 'दुरुस्त' या शब्दात चालू असणे आणि खरे असणे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. बाजारात मात्र पहिलाच अर्थ उरला आहे, आणि आमचा प्रश्न तेथूनच सुरू होतो : चालते झालेल्या, पण खरे न झालेल्या वस्तूस दुरुस्त म्हणून परत करणे हे नीतीस धरून आहे काय?

मोह मोठा साधा आहे. शटरच्या फटीतून तेलाचा एक थेंब सोडावा. घट्ट झालेले वंगण सैल होते, घरघर पुन्हा सुरू होते, गिऱ्हाईक त्याच संध्याकाळी आनंदाने घरी जाते. पुढे काही दिवसांत ते तेल आपोआप पसरत पात्यांवर येते. पाती कागदासारखी पातळ आणि एकमेकींवर टेकलेली; ओल्या काचा जशा एकमेकींना चिकटतात तशी ती चिकटतात. ही पाती कोरडीच असावी लागतात. खरा उपाय वेळखाऊ आहे. समोरचे भिंग काढावे, वरचे कडे सोडवावे, मंद वेगाची माळ नॅफ्थ्याने पुनःपुन्हा धुवावी, पाती पुसून कोरडी करावी, आणि तेल द्यायचेच तर सुईच्या टोकावर मावेल तेवढेच, केवळ आसांना. या कामात घालण्यापेक्षा काढणेच अधिक.

घड्याळ खोटे बोलले तर शेजारच्या घड्याळाशी ताडून पाहता येते. फिल्मच्या कॅमेऱ्याचे तसे नाही. त्याचे असत्य फिल्म धुतल्यावरच उघडकीस येते, आणि तोवर लग्नाची वरात घरी पोहोचलेली असते, प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारलेली मुले पांढरे पोशाख उतरवून खेळायला गेलेली असतात. तो क्षण पुन्हा मांडता येत नाही. ज्याचे नुकसान होते तो दुरुस्ती करणाऱ्याच्या मेजासमोर कधी उभाही राहिलेला नसतो. म्हणून एका थेंबाच्या या प्रश्नास आम्ही कारागिरीचा किरकोळ प्रश्न मानीत नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी अॅरिस्टॉटलच्या मागोमाग जाऊन कला आणि विवेक यांत एक मार्मिक भेद केला आहे. कलेत जाणूनबुजून चुकणारा हा नकळत चुकणाऱ्यापेक्षा वरचा, कारण त्याला निदान कला अवगत आहे. विवेकाच्या प्रांतात याच्या नेमके उलट. सेमिनरीत हा भेद आम्ही पाठ केला तेव्हा तो तर्कशास्त्राची कसरत वाटला होता. तेलाचा थेंब सोडणारा कुशल माणूस मात्र या दोन्ही प्रांतांच्या सीमेवर उभा असतो. पुढे काय होणार हे त्याला पक्के ठाऊक असते. म्हणजे कारागीर म्हणून तो अडाण्याहून श्रेष्ठ, आणि ज्या ज्ञानाने तो श्रेष्ठ ठरतो तेच त्याला दोषी ठरवते.

यावर एक आक्षेप येईल. नीतिशास्त्राच्या जुन्या पंडितांना बाबीच्या क्षुल्लकपणाची मोजमापे करण्याची हौस होती. त्यांच्या थाटात कोणी म्हणेल की १/२५ च्या जागी १/१२ मिळाले तर बिघडले काय? प्रकाश दुप्पट झाला, एक स्टॉप. निगेटिव्ह फिल्म एवढे सहज सोसते. हे खरे आहे. (ट्रान्सपरन्सी फिल्म सोसत नाही, पण ते असो.) तथापि फिल्मची ही सहनशीलता छायाचित्रकाराच्या चुकांसाठी राखून ठेवलेली शिल्लक आहे. ढग आला, अंदाज चुकला, हात गडबडला, तर त्याने ती खर्चावी. दुसऱ्याने ती आधीच परस्पर खर्चून टाकणे, आणि तेही न सांगता, यास क्षुल्लक म्हणणे आम्हांला जड जाते.

अलीकडे दुरुस्तीस एक पुण्याचे वलय लाभले आहे. २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी फेकून देण्याच्या संस्कृतीवर बोट ठेवले, ते योग्यच होते. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनीही मठाच्या भांडारपालास सांगून ठेवले की मठातील साधी उपकरणेही वेदीवरील पवित्र पात्रांसारखी मानावी. पण वस्तू वाचवली एवढ्याने काम सात्त्विक ठरत नाही. वाचवलेली वस्तू ज्याच्या हाती जाणार त्याचाही विचार करावा लागतो.

याहून अवघड प्रसंग निराळाच आहे. सर्व स्वच्छता करूनही काही शटरांची स्प्रिंग वयाने थकलेली असते. १/२५० चा आकडा १/१५० वरच येऊन थांबतो. येथे स्प्रिंग ताणून वा वाकवून आकडा गाठण्याचा प्रयत्न करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. ती तुटली तर तशी दुसरी सहजी मिळत नाही. त्याऐवजी खरे वेग मोजून एका चिठ्ठीवर लिहावेत. मंद वेग तर आता मोबाईलवर आवाज ध्वनिमुद्रित करूनही मोजता येतात. वेगवान आकड्यांना उघडण्या-मिटण्याचे दोन आवाज एकमेकांत मिसळतात, तेथे प्रकाश टिपणारे उपकरण लागते. ज्याला आपला कॅमेरा कोठे कमी पडतो हे ठाऊक आहे तो छिद्र थोडे लहान करून उत्तम चित्र काढू शकतो.

मात्र कॅमेरा विकला जातो, वारसाकडे जातो, आणि चिठ्ठी मागे राहते. अक्वायनस यांनी विक्रीतील फसवणुकीची चर्चा करताना म्हटले आहे की एकाक्ष घोड्याचे व्यंग सर्वांना दिसते, ते ओरडून सांगण्याचे बंधन विकणाऱ्यावर नाही, किंमत तेवढी कमी करावी. पण लंगडा घोडा वेगवान म्हणून, डळमळीत घर भक्कम म्हणून देऊ नये. फाटलेला चामडी भाता हा एकाक्ष घोडा आहे. रेंगाळणारे शटर मात्र दुकानात उभे असताना लंगडत नाही.

आणि सगळा भार कारागिरावर टाकणे आम्हांला न्याय्य वाटत नाही. फिल्मचा जमाना ओसरल्यापासून हे काम करणारे हात थोडे उरले आहेत. पूर्ण स्वच्छतेस दिवस मोडतो, आणि गिऱ्हाईक घासाघीस करून थेंबाचेच पैसे देऊ पाहते. एवढ्या पैशांत काय होऊ शकेल हे त्याने विचारावे, व उत्तर मिळाल्यावर एक तर पैसे वाढवावे नाही तर कॅमेरा तसाच कपाटात शोभेला ठेवावा. थेंबाचे पैसे देऊन दुरुस्तीची पावती मागणारा त्या असत्यात अर्धा भागीदार आहे. पापनिवेदनास येणाऱ्यांत दोन्ही प्रकारची माणसे असतात. पहिला प्रकार आपला दोष सांगतो, दुसऱ्याला तो आपला आहे हेच क्वचित सुचते.

चिठ्ठीपुरते बोलायचे तर ती कॅमेऱ्याच्या चामडी पिशवीच्या आतल्या अंगास चिकटवावी, म्हणजे सहसा सोबतच जाते. खऱ्या वेगांच्या शेजारी मोजणीची तारीखही घालावी, कारण आज दिलेले तेलही घट्ट होणारच आहे.