प्रभूचा दिवस आणि परगावची धाव

आमच्या मंडळ्यांत अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारला जातो. आमच्या वडिलांच्या पिढीत तो कोणाच्या मनातही आला नसता. तरुण स्त्रीपुरुष, आणि तरुणच काय, पन्नाशी ओलांडलेली माणसेही, पहाटे उठून धावण्याचा सराव करतात व वर्षातून एकदोनदा परगावी जाऊन ‘हाफ मॅरेथॉन’, म्हणजे एकवीस किलोमीटरांहून किंचित अधिक अंतराची धाव, पुरी करून येतात. बेळगावचे साताऱ्यास जातात. बडोदे, हैदराबाद येथील आपले लोक आपापल्या सोयीच्या शहरी जातात. रस्ते मोकळे असावेत व नोकरदारांस सुटी असावी म्हणून ह्या शर्यती बहुधा रविवारी पहाटे ठेवितात. शनिवारीच गाडीत बसावे लागते आणि आपल्या मंडळीतील रविवारची उपासना चुकते. तर विश्वासी मनुष्याने प्रभूचा दिवस अशा कामी द्यावा काय?

ह्या प्रश्नाची दोन उत्तरे ऐकू येतात. वडीलधारे म्हणतात, आज धावण्यासाठी रविवार सोडला, तर उद्या सहलीसाठी सोडाल आणि परवा कारणही लागणार नाही. तरुण म्हणतात, लग्नाच्या वऱ्हाडासाठी किंवा दुकानाच्या हिशेबासाठी रविवार बुडतो, तेव्हा कोणी चकार शब्द काढीत नाही. आम्ही व्यसनांपासून दूर राहतो, देवाने दिलेले शरीर नीट राखतो, मग बोट आमच्याकडेच का? दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु दोन्हींत एकच उणीव आम्हांस दिसते. दोन्ही पक्ष केवळ आपल्याच रविवारचा विचार करीत आहेत.

धावणे हे स्वतः काही पाप नव्हे, हे प्रथम स्पष्ट असावे. प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात धावणाऱ्याचाच दाखला घेतला आहे. करिंथाजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत, आणि विजयी वीरास पानाडहाळ्यांचा, थोड्याच दिवसांत सुकून जाणारा मुकुट मिळे. त्यासाठी खेळाडू किती संयम पाळतो हे त्या वाचकांनी डोळ्यांनी पाहिले होते. पौलाने त्या संयमाची थट्टा केली नाही. तो आपल्या अंगी आणा, असेच सांगितले. मात्र त्या काळच्या व आजच्या धावेत एक फरक आहे. आज हजारो धावतात, पहिला येण्याची आशा त्यांतील मूठभरांसच असते, आणि ठरलेल्या वेळेत पुरे करणाऱ्या बहुतेकांस पदक मिळते. दुसऱ्यास हरविण्याचा हव्यास येथे कमी, ही चांगली गोष्ट होय. पण त्याच कारणाने सारा प्रवास ‘माझी वेळ, माझे पदक, माझे छायाचित्र’ एवढ्याभोवती फिरू लागण्याचा धोकाही येथेच आहे.

आता विसाव्याची आज्ञा पाहू. शब्बाथ हा सातवा दिवस आणि प्रभूचा दिवस हा पुनरुत्थानाचा, म्हणजे आठवड्याचा पहिला दिवस. दोहोंत भेद आहे. परंतु विसाव्याचा जो हेतू शब्बाथाच्या आज्ञेत देवाने प्रगट केला, तो आपल्यासाठी संपला असे नाही. निर्गमाच्या विसाव्या व अनुवादाच्या पाचव्या अध्यायांतील ही आज्ञा पुन्हा वाचावी. ती एकट्या घरधन्यास दिलेली नाही. त्याचे मुलगे-मुली, दास-दासी, गुरेढोरे आणि त्याच्या वेशीच्या आतला परदेशी, ह्या सर्वांची नावे तीत घेतली आहेत. आणि अनुवादात तर कारणही दिले आहे: तू मिसर देशात दास होतास, हे विसरू नकोस. म्हणजे माझ्या विसाव्याबरोबरच माझ्यामुळे राबणाऱ्याच्या विसाव्याचाही हिशेब देव मागतो.

हे ध्यानी घेऊन साताऱ्याकडे पाहावे. तेथील डोंगरावरची हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होत आली आहे. शहरातून निघावयाचे, यवतेश्वरचा घाट चढावयाचा, कासच्या रस्त्याने जाऊन मागे वळावयाचे आणि तोच घाट उतरून यावयाचे. पावसाळ्याच्या अखेरीस तो डोंगर हिरवा असतो, आणि चढ मोठमोठ्यांचा गर्व उतरवितो. पण धावणाऱ्याच्याही आधी उठलेली किती माणसे त्या वाटेवर उभी असतात! पोलीस वाहने अडवीत असतात, शाळा-महाविद्यालयांतील मुले पाण्याचे पेले पुढे करीत असतात, परिचारिका व डॉक्टर सज्ज असतात. सर्व पांगल्यावर पेले व साली वेचणारे सफाई कामगार येतात. ज्यांचा रस्ता त्या सकाळी बंद झाला ते रहिवासी वेगळेच. धावणारा ह्या शहरात दुहेरी नात्याने येतो. तो वेशीच्या आतला परका आहे, म्हणजे शहराने त्यास आसरा दिला आहे. आणि तो घरधनीही आहे, कारण त्याच्यासाठी दुसऱ्यांचा रविवार खर्ची पडत आहे. पौल शहरामागून शहर फिरला, परंतु कोणतेही शहर त्याने नुसती वाट म्हणून तुडविले नाही. तो तेथील माणसांकडे गेला. नव्या शहरी जाऊन तेथील एकाही माणसाशी दोन शब्द न बोलता, फक्त घड्याळाकडे पाहून परतणे, हे आम्हांस रविवारची उपासना चुकण्याइतकेच गंभीर वाटते.

ह्या वादात एरिक लिडेल ह्यांचे नाव हमखास निघते. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरांची प्राथमिक फेरी रविवारी, ६ जुलैस होती, म्हणून त्यांनी त्या शर्यतीत भाग घेतला नाही. १९८१ च्या ‘चॅरियट्स ऑफ फायर’ चित्रपटात त्यांस हे जहाजावर चढताना कळते असे दाखविले आहे. खरे म्हणजे त्यांनी हा निर्णय कित्येक महिने आधीच केला होता. ११ जुलैस चारशे मीटरांची शर्यत त्यांनी ४७.६ सेकंदांत जिंकली. वडीलधारे येथे थांबतात. परंतु त्यांचे चरित्र येथे संपत नाही.

१९२५ साली लिडेल मिशनकार्यासाठी चीनला गेले. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने त्यांस वेइशियन येथील छावणीत स्थानबद्ध केले. तेथे आईबापांपासून ताटातूट झालेली पुष्कळ मुले होती. लिडेल त्यांस शिकवीत व त्यांचे खेळ घेत, मात्र रविवारी नाही. तेथून सुटलेल्यांनी आठवण सांगितली आहे की, एका रविवारी मुलांनी आपल्याच मनाने हॉकी मांडली आणि खेळाचे पर्यवसान हाणामारीत झाले. पुढच्या रविवारी लिडेल स्वतः पंच म्हणून मैदानात उभे राहिले. छावणीतच २१ फेब्रुवारी १९४५ रोजी मेंदूतील गाठीमुळे त्यांचे देहावसान झाले. जो रविवार त्यांनी स्वतःच्या सुवर्णपदकासाठी दिला नाही, तो त्यांनी मुलांतील भांडण मिटावे म्हणून दिला. ह्यात त्यांचे तत्त्व ढळले असे आम्हांस वाटत नाही. शब्बाथ मनुष्यासाठी आहे, ह्या प्रभूच्या शिकवणीचा अर्थ त्यांनी जगून दाखविला.

म्हणून ‘रविवारी धावावे की नाही’ ह्या प्रश्नाऐवजी ‘हा रविवार आम्ही कोणास देत आहोत’ असे विचारावे. रविवारच्या शाळेतील शिक्षक थंडीच्या दिवसांत दर पंधरवड्यास नव्या शहरी धावावयास जाऊ लागला आणि वर्गातली मुले वाट पाहून घरी परतू लागली, तर त्याचे शरीर कितीही सुदृढ होवो, तो दिवस त्याने त्या मुलांकडून घेतला आहे. उलट, दारूच्या पाशातून नुकताच सुटलेला कोणी धावणाऱ्या सोबत्यांच्या आधाराने उभा राहात असेल, तर वर्षातील त्या एका सकाळी त्याच्याबरोबर घाट चढणारा विश्वासी बंधू प्रभूच्या दिवसाचा भंग करतो असे आम्ही म्हणणार नाही. दोघांसही एकच नियम लावणे सोपे आहे. पण तो न्याय नव्हे.

जो जाईल, त्याने लिडेल ह्यांच्याप्रमाणे आधीच, म्हणजे प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी, प्रार्थनेने व आपल्या माणसांना विचारून ठरवावे. आपल्या जबाबदारीवर दुसरा कोणी नेमून द्यावा. वाटेत पाणी देणाऱ्या मुलाचे आभार मानावे आणि पेला रस्त्यावर टाकू नये. तो उचलणाऱ्यासही रविवार आहे. धाव सकाळीच आटोपते. मग त्या शहरातील मंडळीचे प्रार्थनामंदिर शोधावे, वेळ साधत असेल तर उपासनेस बसावे, नसेल तर पाळकांस भेटून तरी यावे. आणि ज्या मंडळीच्या दारी असा घामेजलेला, पाय ओढीत चालणारा परका पाहुणा येईल, तिने त्याच्या पोशाखाकडे न पाहता त्यास बाकावर जागा करून द्यावी.