विहिरीपाशी पाणी मागणारा प्रभू



आज प्रायश्चित्तकाळातील तिसरा रविवार. पहिल्या वाचनात इस्राएली लोक रानात तहानेने व्याकूळ होऊन मोशेशी भांडत आहेत. शुभवर्तमानात प्रभू येशू भर दुपारी याकोबाच्या विहिरीपाशी थकून बसला आहे आणि पाणी भरायला आलेल्या शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागत आहे. ही वाचने शहापूर-मुरबाडच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाहीत. तानसा आणि भातसा ही धरणे आपल्या उशाशी आहेत. तानसाचे पाणी तर १८९२ पासून मुंबईला जात आहे. तरीही मार्च उजाडला की इथल्याच पाड्यांवरच्या आयाबहिणी रिकामे हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात.

म्हणूनच दरवर्षी एक प्रश्न कानावर येतो. ऑक्टोबरमधील मिशन रविवारी आपण दान देतो, ते जगभरच्या दानात मिळते आणि त्यातला मोठा वाटा आफ्रिकेतील गरीब धर्मप्रांतांना जातो. "आपल्याच पाड्यात प्यायला पाणी नाही, मग आफ्रिकेला का द्यायचे?" असे लोक विचारतात. हा प्रश्न कंजूषपणाचा नाही. उन्हातान्हात राबून मिळवलेल्या पैशाचा तो प्रश्न आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे.

आज शुभवर्तमानात काय घडते ते नीट पाहा. जिवंत पाणी देणारा प्रभू आधी स्वतः हात पुढे करतो. "मी तुला देतो, तू घे" अशी तो सुरुवात करत नाही. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहारही ठेवत नसत. तिथे तो त्या स्त्रीच्या घागरीतले पाणी मागतो. जिच्याकडे लोक तुच्छतेने पाहत होते, तिच्याकडेही देण्यासारखे काही आहे हे तो तिला जाणवून देतो. ख्रिस्ती दानधर्म इथून सुरू होतो. घेणाऱ्याला भिकारी न ठरवता जो देतो, तोच प्रभूसारखा देतो.

आपल्या पाड्यावरच्या हापशाची गोष्ट या दृष्टीने ऐकण्यासारखी आहे. १९६० नंतरच्या दशकात देशात दुष्काळ पडले, कठीण खडकात बोअर मारण्याची यंत्रे आली आणि गावोगाव हातपंप बसले. ते पंप ओतीव लोखंडाचे होते. त्यांची घडण युरोप-अमेरिकेतल्या एखाद्या कुटुंबाच्या वापरासाठी केलेली होती. आपल्याकडे पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खे गाव त्यावर पाणी भरू लागले आणि पंप मोडू लागले. १९७४ च्या सुमारास पाहणी झाली तेव्हा चारांपैकी जवळजवळ तीन पंप बंद असल्याचे आढळले. दान पोचले होते, पण पाणी नव्हते. देणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती. मात्र हे पंप कोण वापरणार, दिवसातून किती वेळा, आणि मोडल्यावर दुरुस्त कोण करणार, हे कोणी विचारले नव्हते.

उत्तर सापडले ते आपल्या महाराष्ट्रात. जालन्याला स्कॉटलंडच्या चर्चचे मिशन होते. तिथल्या वर्कशॉपमध्ये मोडके पंप पाहून पोलादाचा, एकाच मजबूत सांध्यावर चालणारा नवा पंप घडवला गेला. सोलापुरात बोअरचे काम करणाऱ्या मिशनच्या माणसांनी तो आणखी सुधारला. त्याच धर्तीवर युनिसेफ, भारत सरकार आणि मद्रासचा एक कारखाना यांनी मिळून १९७० नंतरच्या दशकात 'इंडिया मार्क टू' हा पंप तयार केला. आज आपण ज्याला हापसा म्हणतो, तो बहुतेक ठिकाणी हाच.

हा पंप पुढे आफ्रिकेत गेला. युगांडात त्याला 'यू-टू' म्हणतात. माली, घाना, सुदान इथेही त्याने लोकांची तहान भागवली. प्रॉटेस्टंट बांधवांच्या मिशनमध्ये, मराठी मातीत, मोडक्या लोखंडाशी झुंजून घडलेली वस्तू आफ्रिकेतल्या आईच्या हंड्यात पाणी ओतते. परदेशी माणसे आपल्याकडे मदत घेऊन आली, इथल्या कामगारांच्या हातांनी त्या मदतीला नवे रूप दिले आणि तीच मदत दुसऱ्या गरिबाकडे निघाली. यात देणारा कोण आणि घेणारा कोण?

मात्र गोष्ट इथे संपत नाही. २००९ च्या एका अंदाजानुसार आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील देशांत तीनपैकी सुमारे एक हातपंप बंद होता. चांगला पंप देऊनही असे का व्हावे? कुठे सुटे भाग मिळत नाहीत, कुठे दुरुस्ती शिकलेला माणूस नाही, तर कुठे वर्गणी गोळा करणारी गावची समिती नाही. पंप बसवून, फोटो काढून परत जाणे सोपे असते. गावातल्या दोन माणसांना पाना हातात धरायला शिकवणे आणि वर्षभराने पुन्हा येऊन विचारपूस करणे कठीण असते. या दुसऱ्या कामालाच भागीदारी म्हणतात.

ही भागीदारी संत पौलाला ठाऊक होती. यरुशलेमेतील गरीब बांधवांसाठी त्याने दान गोळा केले, त्याची हकिकत करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या व नवव्या अध्यायांत आहे. मासेदोनियाची मंडळी स्वतः अतिशय गरीब होती. तरी या दानात आपल्यालाही वाटा मिळावा म्हणून तिने पौलाला विनवले. दुसऱ्याला आराम व्हावा म्हणून तुम्ही संकटात पडा, असे पौल म्हणत नाही. तो समानता मागतो: आज तुमच्यापाशी आहे, उद्या त्यांच्यापाशी असेल. शिवाय पैशाबाबत कोणाला बोट दाखवता येऊ नये म्हणून तो विश्वासू साथीदार सोबत घेतो. तेव्हा दानाचा हिशेब मागणे म्हणजे अविश्वास नव्हे. ती प्रेषितांची शिकवण आहे.

आता त्या प्रश्नाकडे वळू या. आधी आपला पाडा की आधी आफ्रिका? ज्याला शेजारच्या पाड्यातल्या कातकरी बहिणीचा रिकामा हंडा दिसत नाही, त्याला केनियातली बहीणही दिसणार नाही. म्हणून घरापासून सुरुवात करणे योग्यच आहे. पण घरापाशीच थांबणे योग्य नाही. २०२० च्या अखेरीपासून २०२३ च्या सुरुवातीपर्यंत इथिओपिया, केनिया आणि सोमालियात लागोपाठ पाच पावसाळे वाया गेले. कोरडी विहीर म्हणजे काय, हे मुंबईच्या नळाखाली वाढलेल्या माणसापेक्षा आपल्याला अधिक कळते. आपले दहा रुपये लहान असतील, पण त्यामागची ओळख मोठी आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने मिलो आणि सुकडी खाल्ली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. आपल्याला न पाहिलेल्या माणसांनी त्या वेळी आपल्या ताटाचा विचार केला होता.

या प्रायश्चित्तकाळात प्रत्येक कुटुंबाने तीन गोष्टी कराव्यात. पहिली, शुक्रवारच्या उपवासात वाचलेले पैसे बाजूला ठेवून ते कारितास इंडियाच्या उपासमार व रोगराईविरोधी मोहिमेला द्यावेत. दुसरी, आपल्या पाड्यावरचा हापसा चालू आहे का ते पाहावे. बंद असेल तर तरुणांनी ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्यावा आणि दुरुस्ती होईपर्यंत पाठपुरावा करावा. तिसरी, संध्याकाळच्या रोझरीत एक गूढ आफ्रिकेतील तहानलेल्या बांधवांसाठी अर्पावे आणि ते कोणत्या देशांत राहतात ते मुलांना नकाशावर दाखवावे.

शोमरोनी स्त्री शेवटी आपली घागर विहिरीपाशीच ठेवून गावात धावत गेली. जे मिळाले ते तिला एकटीपुरते ठेवता आले नाही. हे प्रभो, आम्हालाही असेच कर. आमच्याकडे थोडे आहे म्हणून आमचे हात मागे राहू देऊ नकोस, आणि देताना आमची मान ताठ होऊ देऊ नकोस. जिथे विहीर कोरडी आहे तिथे तूच तहानलेला बसला आहेस, हे आम्हाला ओळखू दे. आमेन.