आरामात या, म्हणाला म्हणून?

शहाण्णव सालच्या दहावीतल्या समस्त शहाण्यांनो,

आधी उभे राहा. बसून ऐकायची तुमची लायकी मागच्या मे महिन्यातच संपली.

तुमच्या वर्गमित्राच्या धाकट्या लेकीचं लग्न ठरलंय, हे कळलंच असेल. येत्या मेमधला तिसरा रविवार, दुपारी १२ वाजून २२ मिनिटांचा मुहूर्त, मांडव घरापुढच्या खळ्यातच. त्याने तुम्हा प्रत्येकाला फोन केला आणि प्रत्येकाला तेच सांगितलं, "आरामात या रे, घरचंच कार्य आहे." थोरलीच्या लग्नालाही तो हेच म्हणाला होता. त्या 'आरामात'चा तुम्ही जो अर्थ लावलात, तो पाहून मला माझ्या नोकरीची लाज वाटली. मराठीच शिकवत होतो ना मी तुम्हाला? आपल्याकडचा माणूस 'आरामात या' म्हणतो, ते त्याच्या डोक्यावरचं ओझं तुम्हाला दिसू नये म्हणून. आणि 'घरचं कार्य' म्हणजे खुर्ची ओढून पाय पसरायचं कार्य नव्हे. ज्याला घरचा म्हटलं, त्याने हात लावायचा, असा त्याचा अर्थ. बत्तीस घरांची वाडी आठ दिवस राबते तेव्हा तो मांडव उभा राहतो. तिथे मॅनेजर नसतो, वेटर नसतो. तुम्ही ज्याला "ए, पाणी आण" म्हणालात तो ग्रामपंचायतीचा माजी सरपंच होता.

येण्यापासूनच सुरुवात करतो, कारण तुमचं चुकणंही तिथूनच सुरू झालं. तुतारी एक्सप्रेसने येणार असाल तर नीट ऐका. ही गाडी दादरहून रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते. रात्री बारानंतर तारीख बदलते, हे मी सांगायला हवं का? शनिवारी सकाळी गावात पोहोचायचं असेल, तर घरून निघायचं शुक्रवारी रात्री आणि तिकीट काढायचं शनिवारच्या तारखेचं. मागच्या खेपेला चार कुटुंबं शुक्रवारची तिकिटं हातात नाचवत शुक्रवारी रात्री फलाटावर उभी होती. त्यांची गाडी आदल्या रात्रीच निघून गेली होती. मग ती मंडळी भाड्याच्या गाडीतून दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला उगवली आणि वर विचारतायत, "जेवण आहे ना?" आरक्षण आता साठ दिवस आधी खुलं होतं, पूर्वीसारखं एकशे वीस नाही. मे महिन्यात अख्खी मुंबई कोकणात उतरते, तेव्हा साठाव्या दिवशी सकाळीच बसा. आणि गाडीचं नाव केशवसुतांच्या कवितेवरून आहे. मालगुंडचे केशवसुत. तुमच्यातल्या एकाने मला विचारलं होतं, लग्नात वाजवतात ती तुतारी का म्हणून.

राजापूर रोडला उतराल. त्या नावातला 'रोड' उगाच नाही, स्टेशन शहराला लागून नाही. रिक्षा आधी सांगून ठेवा, नाहीतर वाडीतला कोणीतरी मांडवाचं काम टाकून तुम्हाला आणायला धावेल. स्वतःची मोटार आणणाऱ्यांनी ती शाळेच्या पटांगणात लावायची आणि तिथून पाणंदीने चालत यायचं. सात मिनिटं लागतात. मी या वयात चालतो. गेल्या वर्षी तुमच्या सहा गाड्या पाणंदीच्या तोंडाशी एकामागे एक उभ्या होत्या आणि वस्तीची एसटी पाऊण तास भोंगा वाजवत थांबली होती. तिच्यात दवाखान्यातून परत येणारी एक बाळंतीण होती, मांडीवर पाच दिवसांचं मूल. तुमच्यापैकी चाव्या कुणाच्या खिशात होत्या आणि ते वीर त्या वेळी कुठे होते, ते पुढे सांगतो.

आता पायांकडे बघा. खळं तुम्हाला फोटोत छान दिसलं. ते आपोआप तसं होत नाही. तिथे आधी खणतात, चोपण्याने चोपतात, मग शेणाने सारवतात. त्याच्या आईने आणि जावांनी तीन दिवस उकिडवं बसून ते तळहातासारखं केलं होतं. तुमच्या घरची मंडळी टाचांच्या सँडल घालून त्याच्यावरून ठुमकत गेली. संध्याकाळी मी पाहिलं, सगळ्या खळ्याला खेकड्याच्या बिळांसारखी भोकं. म्हातारी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे कंबर धरून ती पुन्हा ओला हात फिरवत होती. यंदा सपाट चपला, त्याही मांडवाच्या बाहेर काढायच्या. कपडे सुती. मेच्या दमट उकाड्यात गळ्यापर्यंत बटणं लावलेला जाकिटाचा सूट घालून एकाला घेरी आली होती, त्याला वारा घालायला स्वयंपाकातली दोन माणसं उठवावी लागली.

पाण्यावर जरा थांबतो, कारण तुमचं सगळ्यात मोठं पाप तिथे आहे. या तालुक्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तुम्ही तो आकडा भूगोलात घोकला होता. पण खाली जांभा दगड, सच्छिद्र. पाणी मुरतं आणि उताराने व्हाळात, तिथून खाडीत निघून जातं. मार्च संपला की विहिरी तळ दाखवतात. मे महिन्यात वाडीच्या विहिरीत पहाटे जेमतेम कमरेइतकं पाणी साठतं, आणि ते बत्तीस घरं वाटून घेतात. तुमच्यातल्या एका पठ्ठ्याने प्रवासाचा शीण गेला नाही म्हणून न्हाणीत चार हंडे डोक्यावर रिकामे केले. चार हंडे! ते खालच्या विहिरीवरून चौऱ्याहत्तर पायऱ्या चढून आले होते, यंत्राने नव्हे, नवरीच्या काकीच्या डोक्यावरून. यंदा माणशी एक बादली. तेवढ्यात आंघोळ होते, मी रोज करतो. बाटलीबंद पाण्याचे खोके आणू नका. मागच्या वर्षीच्या अर्ध्या प्यायलेल्या बाटल्या अजून गडग्याच्या सांदीत सापडतात. घरून एक तांब्या नाहीतर बाटली आणा आणि तीच भरून घ्या.

मुहूर्ताचं काय झालं ते आठवतं? भटजी मंगलाष्टकं म्हणत होते, अंतरपाट धरलेला, आणि तुम्ही नऊजण हात वर करून मोबाइल उंचावून पुढे उभे. त्या मुलीची पणजी चौऱ्याण्णव वर्षांची. तिला सकाळपासून पुढच्या चटईवर बसवलं होतं. तिने त्या दिवशी काय पाहिलं? तुमच्या नऊ पाठी. अंतरपाट दूर झाला तेव्हा ती शेजारणीला विचारत होती, "झालं का गो?" पाऊस लागला आणि ती गेली. तुमचे ते फोटो नंतर कोणी उघडून पाहिलेत का, एवढं फक्त मला सांगा. यंदा फोटो काढायला वाडीतला एक पोरगा नेमलाय, तो सगळ्यांना पाठवेल. तुमचे फोन खिशात. तसंही तिथे रेंज येत नाही. रेंज हवी तर सड्यावर जावं लागतं. म्हणून रोख पैसे जवळ ठेवा, मोबाइलवरून पैसे देण्याची सोय तिथे धरून चालू नका. अक्षता चार दाणे हातात घ्यायच्या आणि वधूवरांच्या डोक्यावर पडतील अशा टाकायच्या. मूठमूठ तांदूळ नेम धरून भटजींच्या टकलावर मारणारा कोण होता, ते मला ठाऊक आहे. तो आता बँकेत अधिकारी आहे म्हणे.

पंगतीत बसलात की श्लोक होईपर्यंत पानाला हात लावायचा नाही आणि शेजारच्याचं होईपर्यंत उठायचं नाही. वाढपी वाकून वाकून तीनशे पानांवर वरण वाढत जातो, त्याला "थोडं" म्हणायला जीभ झिजत नाही. गेल्या वर्षी तुमच्या पंगतीची उष्टी मी काढली. हो, मीच. तेवीस पानांत जिलेबी एकेक घास खाऊन टाकलेली, काळ्या वाटाण्याची उसळ तशीच, भात तर विचारूच नका. आणि दुपारी चार वाजता, जेव्हा स्वयंपाक करणाऱ्या बायका जेवायला बसल्या, तेव्हा जिलेबी संपली होती. यंदा तुमची पंगत शेवटची. त्या बायका आधी बसतील आणि तुम्ही वाढाल. पुरुषांनी वाढायचं, बायका-मुलांच्या मागे लपायचं नाही.

आहेराबद्दल पत्रिकेत काही छापलेलं नाही, म्हणून सांगतो. ओटीवर एकजण वही घेऊन बसतो. त्या वहीला हसू नका. कोणी शंभर एक दिले, कोणी पाच शेर तांदूळ, कोणी दोन नारळ. सगळं लिहिलं जातं आणि त्या घरी कार्य निघालं की वही काढून तेवढं, किंवा थोडं वरचढ, परत जातं. कर्ज न काढता गरिबाच्या लेकीचं लग्न होतं ते या वहीवर. तुम्ही आणलेले काचेचे राजहंस त्या वहीत कोणत्या रकान्यात लिहायचे? माळ्यावर पडलेत सात राजहंस. पाकीट द्या, वर नाव-गाव नीट लिहा, आणि लिहिताना 'शुभाशीर्वाद' शुद्ध लिहा.

रात्री मुक्काम शाळेत. विजेरी प्रत्येकाकडे हवी, मोबाइलची नव्हे. अंधार पडल्यावर पायात बूट घातल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, गडग्यावर बसायचं नाही, दगडाच्या फटीत हात घालायचा नाही. सड्यावर फुरसं असतं. वीतभर दिसतं म्हणून पोरं फसतात. सकाळी बूट झटकून मगच घालायचा, विंचू आत बसतो. काही चावलंच तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, मांत्रिकाकडे तर नाहीच. माणसाला धीर द्यायचा, चावलेला भाग हलू द्यायचा नाही, रेंज मिळेल तिथून १०८ला फोन करायचा आणि थेट सरकारी दवाखाना गाठायचा. फुरशाच्या विषावर प्रतिविष आहे. आणि विंचवाने आपल्याकडे पूर्वी पोरं पटापट जायची, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून ती वाचवायला सुरुवात केली आणि त्यांचं त्यावरचं लिखाण १९८६मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. एका तालुक्याच्या गावातला डॉक्टर. तुम्ही मात्र माणूस साप चावल्यासारखा ओरडतो की नाही हे बघायला एकमेकांच्या अंगावर रबरी साप टाकत होतात. वय वर्षं पंचेचाळीस.

तिथून जवळच कातळशिल्पं आहेत, ती बघायला जायचं मनात असेल. जरूर जा, पण लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, कामं उरकल्यावर, आणि बूट काढून कडेने. मागे कोणीतरी रेषा फोटोत उठून दिसाव्यात म्हणून त्यांत खडू भरला होता. युनेस्कोच्या संभाव्य यादीत २०२२ला गेलेली ती चित्रं. हजारो वर्षं ज्यांना पावसाने पुसलं नाही त्यांच्यावर खडू! आणि खडू माझ्याच शाळेच्या कपाटातला.

राहिले चाव्यावाले. एसटी भोंगा वाजवत होती तेव्हा हे पाचजण कलमांच्या बागेपलीकडे, खालच्या शेतात, बाटल्या घेऊन बसले होते. प्यायलात, त्याचा हिशोब तुमच्या बायका घेतील. पण रिकाम्या बाटल्या दगडावर फोडून कोण जिंकतं ते बघायचा खेळ खेळलात. तो मळा तुमच्या वर्गमित्राचाच. जूनमध्ये पाऊस लागला, चिखल झाला, आणि लावणीला तो अनवाणी उतरला. चिखलात काच दिसत नाही. उजव्या टाचेला अकरा टाके. लावणीचे पंधरा दिवस तो पडवीत पाय वर करून बसला आणि बायको-पोरींनी तरवा लावला. त्या अकरा टाक्यांबद्दल त्याने तुम्हाला एका अक्षराने सांगितलं नाही. उलट यंदा पुन्हा फोन करून म्हणाला, आरामात या.

म्हणून हे मी लिहितोय, त्याला न विचारता.

शनिवारी स्टेशनवरून थेट शाळेत या, चहा पिऊन साडेनऊला पटांगणात उभे राहा. ते चाव्यावाले पाचजण आधी माझ्याबरोबर खालच्या मळ्यात येतील. मी चाळणी आणि पोतं आणतोय. हातमोजे ज्याचे त्याने आणायचे. लावणीला अजून महिना असेल, तोवर जमीन कोरडी आहे, काच उन्हात चमकते. बाकीच्यांपैकी चौघं मांडवाला झावळ्या बांधतील, सहाजण विहिरीवर जातील. हंडा कसा उचलायचा ते नवरीची काकी दाखवेल. चुंबळ घरून आणा, जुन्या धोतराची चांगली होते.