शेजार निवडताना

अमेरिकेत घर घेणारं जोडपं आधी शाळेचं रेटिंग बघतं. पत्ता ठरला की बहुतेकदा मुलाची शाळाही ठरते आणि वर्गमित्रही. आम्ही शेजाऱ्यांच्या कातडीचा रंग बघितलाच नाही, असं ते म्हणतील. ते खोटंही नसेल.

गोम इथेच आहे. अर्थतज्ज्ञ थॉमस शेलिंग यांनी चौकटींच्या पटावर दोन प्रकारची नाणी मांडली. थोडेतरी शेजारी आपल्यासारखे हवेत, एवढीच प्रत्येकाची माफक अट. नाणी सरकत गेली आणि पट दुभंगला. द्वेष कुणाच्याच मनात नव्हता, मग दोष कुणाचा?

शिकागोला खेटून असलेल्या ओक पार्क गावाने असं दुभंगण्याची वाट बघितली नाही. शेजारच्या, शिकागोतल्याच ऑस्टिन वस्तीत कृष्णवर्णीय येऊ लागताच गोरी कुटुंबं भराभर निघून गेलेली त्यांना दिसत होती. १९६८मध्ये गावाने घरांच्या व्यवहारातल्या भेदभावावर बंदी घातली. १९७२पासून तिथलं गृहकेंद्र भाडेकरूंना, एरवी ते फिरकले नसते अशा गल्ल्यांतली घरं सुचवू लागलं. पुढे घराची किंमत घसरल्यास भरपाईची योजनाही आली. भीतीचा विमाच म्हणा ना!

रंग मोजून समता आणायची का, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. २००७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिएटलची वंश पाहून शाळाप्रवेश देण्याची पद्धत रद्द केली. घर शोधणाऱ्या आईबापांच्या निवडीला मात्र तो निकाल लागू होत नाही.