दारावरची दासी आणि दूरध्वनीवरचा आवाज

वाचकहो, आपण एखाद्याला दूरध्वनी करता आणि त्याच्याऐवजी एक ध्वनिमुद्रित आवाज सांगतो की, ती व्यक्ती व्यस्त आहे किंवा तिचा मोबाइल बंद आहे. हा आवाज सौम्य असतो, शुद्ध असतो; (मराठीचा पदवीधर म्हणून सांगतो) त्याचे उच्चारही आपल्यापेक्षा स्वच्छ असतात. पण त्याला निय्यत नसते. इस्लाममध्ये कर्माचे मूल्य निय्यतीवर ठरते. मग निय्यत नसलेल्या या जिभेने ऐकणाऱ्याची दिशाभूल केली, तर ती कोणाच्या कर्मपत्रात लिहिली जाईल?

प्रत्येक फोन उचललाच पाहिजे, असे शरीयत म्हणत नाही. सूरह नूरमध्ये परवानगीशिवाय दुसऱ्याच्या घरात शिरण्यास मनाई आहे, आणि परत जाण्यास सांगितले तर परत फिरणे अधिक शुद्ध मानले आहे. हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) हजरत उमर (रजि.) यांच्या दारी तीनदा परवानगी मागून, उत्तर न आल्याने परतले होते. मुफ्ती मुहम्मद शफी (रह.) यांनी ‘मआरिफुल कुरआन’मध्ये याच आयतींच्या विवेचनात टेलिफोनचा विषय घेतला आहे. झोपेच्या किंवा नमाजच्या वेळी विनाकारण फोन करणे त्यांना गैर वाटते. पण घंटी वाजत असताना बेपर्वाईने न उचलणेही त्यांना मान्य नाही, कारण भेटीस येणाऱ्याचा आपल्यावर हक्क असतो.

प्रश्न आहे तो नकार कसा द्यावा याचा, आणि तो फार जुना आहे. इमाम गजाली (रह.) यांनी ‘इह्या उलूमिद्दीन’मध्ये जिभेच्या आपत्तींची चर्चा करताना दोन बुजुर्गांची उदाहरणे दिली आहेत. इब्राहीम नखई (रह.) यांना भेटायचे नसे तेव्हा ते दासीला सांगत, “मशिदीत पाहा, एवढेच म्हण, घरी नाहीत असे म्हणू नकोस.” इमाम शअबी (रह.) जमिनीवर एक वर्तुळ काढून दासीला त्यात बोट ठेवायला लावत आणि ‘येथे नाहीत’ असे म्हणायला सांगत. शब्द खरा, पण ऐकणाऱ्याचा समज खोटा! गजालींनी अशा द्व्यर्थी बोलण्याला केवळ गरजेपुरतीच मुभा दिली; गरज नसताना ते त्यांनी नापसंत ठरवले.

आज त्या दासीच्या जागी यंत्र उभे आहे. आपण फोन कापला आणि यंत्राने ‘व्यस्त’ म्हटले, तर ते कंपनीचे ठरीव वाक्य आहे. आपण ते सांगायला लावलेले नाही. माझ्या मते यात दोष धरू नये. परंतु काहीजण आपले कॉल मुद्दाम एखाद्या बंद क्रमांकाकडे वळवून ठेवतात. समोरच्याला ‘मोबाइल बंद आहे’ असे ऐकू येते, आणि हे गृहस्थ तोच मोबाइल हातात धरून बसलेले असतात. येथे यंत्र एक अक्षरही खोटे बोलत नाही, कारण ज्या क्रमांकावर कॉल गेला तो खरोखरच बंद आहे. सारे असत्य वर्तुळ काढणाऱ्याचे आहे. दासीला निदान संकोच वाटला असता, तिचा चेहरा पाहून पाहुण्याला शंका आली असती. यंत्राला चेहरा नाही, म्हणून आपल्यालाही लाज वाटत नाही.

आणि हे वर्तुळ बहुधा कोणासाठी काढले जाते? ज्याचे पैसे द्यायचे आहेत त्याच्यासाठी. ऐपत असूनही कर्जफेडीत टाळाटाळ करणे प्रेषितांनी (स.) जुलूम म्हटले आहे. त्या जुलमाला आता एक मंजूळ आवाजही मिळाला आहे. सावकार व्याजखोर असेल तर त्याचा हिशेब वेगळा. येथे बोलतो आहे तो उसने देणाऱ्या शेजाऱ्याबद्दल, मजुरी थकलेल्या गवंड्याबद्दल. ‘या महिन्यात जमत नाही, पुढच्या महिन्यात निम्मे देतो’ हे वाक्य जड जाते खरे, पण ऐकून गवंडी निदान आपल्या वाण्याला काही सांगू शकतो. बंद मोबाइलचे निवेदन ऐकून तो काय सांगणार?